पंचनामा आणि परीक्षानळी

फौजदारी कायद्यावरील ज्यांचा भाष्यग्रंथ एके काळी वकिलांच्या दफ्तरादफ्तरांत असे, ज्यांनी नागपुरात वकिली केली आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले, त्या डॉ. हरिसिंग गौर यांनी आपली स्वकष्टार्जित संपत्ती देऊन १९४६ साली आपल्या जन्मगावी, सागर येथे, विद्यापीठ स्थापन केले. आणि त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९५९ साली, त्याच विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान या दोन विषयांचा मिळून एकच विभाग सुरू झाला. भारतातील या प्रकारच्या आद्य विभागांत त्याची गणना होते. ज्या गावी पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेल्यांनी आपले ठाणे केले, ते गाव मराठी माणसाला परके नाही, आणि विदर्भातील विद्यार्थ्यांना तर नाहीच नाही. त्यामुळे माझ्या परिचयातील एका कुटुंबातील मुलीने त्या विभागात शिकण्याची इच्छा प्रकट केली, तेव्हा घरात आश्चर्य कोणालाच वाटले नाही. वाद मात्र झाला, आणि तो इतका मनापासून झाला, की दोन्ही पक्षांचे म्हणणे शक्य तितक्या प्रामाणिकपणे टिपून ठेवावे असे मला वाटले.

वाद करणाऱ्या दोघांची खरी नावे देण्याचे कारण नाही. मुलीच्या आजोबांना आपण नानासाहेब म्हणू. शासकीय प्रयोगशाळेच्या विषविज्ञान शाखेत त्यांनी आपली सारी नोकरी काढली आणि सत्र न्यायालयाच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला तोंड देण्याचे कामही पुष्कळ वर्षे केले. दुसऱ्या त्यांच्या शेजारीण. समाजकार्य महाविद्यालयात त्या गुन्हेगारीशास्त्र शिकवीत, परिवीक्षाधीन मुलांच्या आणि सुटून आलेल्या बंदिजनांच्या घरी जात, आणि त्यांचे विद्यार्थी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. आपणही तसेच म्हणू.

नानासाहेब म्हणाले : “मुलीच्या हौसेला माझी हरकत नाही, बाई, माझी हरकत आहे ती या मिश्रणाला. आमच्या टेबलावर आरोपी येत नाही, फिर्यादीही येत नाही. येते ते लाखेचे सील असलेले एक पुडके, त्याच्याबरोबर ठाण्याचे पत्र, सीलचा नमुना, आणि त्या मुद्देमालाला विचारायचे दोन-तीन प्रश्न. त्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी जे ज्ञान लागते ते एका जन्मात पुरे होत नाही, इतके ते खोल आहे. व्हिसेरा संपृक्त मिठाच्या पाण्यात न ठेवता फॉर्मलीनमध्ये घालून पाठविला, तर त्यातून विष वेगळे काढणे दुरापास्त होते. रक्ताळलेले कपडे सावलीत न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, तर आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांवर बुरशी चढलेली असते. आणि ज्या द्रावात अवयव ठेवले त्या द्रावाचा वेगळा नमुना सोबत नसेल, तर सापडलेला पदार्थ प्रेतातला की बाटलीतला, या आरोपीच्या वकिलाच्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. हे जिला शिकायचे आहे तिचा अर्धा वेळ तुम्ही शिक्षेची तत्त्वे, बालगुन्हेगारी आणि कारागृह-व्यवस्था यांना देणार. मग तिला रसायनही धड येणार नाही आणि समाजशास्त्रही नाही. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर वकील पहिला प्रश्न विचारतो तो पदवीचा. त्याला ‘रसायनशास्त्रातील पदव्युत्तर’ असे सांगता येणे आणि ‘दोन्हीतले थोडेथोडे’ असे सांगावे लागणे, यांत माणसाच्या स्वातंत्र्याइतके अंतर पडू शकते; कारण तुमच्या अहवालावर कोणाला तरी जन्मठेप होणार असते.”

बाई शांतपणे म्हणाल्या : “खोलीविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे, नानासाहेब. पण ते पुडके आपल्यापर्यंत आले कसे? कोणत्या घरातून काय उचलावे आणि काय तेथेच राहू द्यावे, कोणत्या वस्तूचा पंचनाम्यात उल्लेख करावा, पंच म्हणून कोणाला बोलवावे, आणि सर्वांत आधी म्हणजे कोणाच्या दारावर जाऊन थाप मारावी, हे सगळे ठरल्यानंतर ते आपल्या टेबलावर येते. आपली परीक्षानळी कितीही निष्कलंक असली, तरी तिच्यात काय पडावे हे ठरविणारा हात तपास अंमलदाराचा असतो, आणि त्या अंमलदाराच्या मनात गुन्हेगार कसा दिसतो, कोठे राहतो, कोणत्या जातीचा असतो, याचे एक चित्र आधीच रंगविलेले असते. ते चित्र कोठून आले, हे जिने कधी शिकलेच नाही, ती पुडके फोडील अचूक. पण चुकीचे पुडके अचूक तपासल्याने न्याय होतो का?”

“चित्र रंगविणारे तुमच्याच शास्त्रातले, बाई,” नानासाहेब एकदम म्हणाले, आणि त्यांनी जे पुढे मांडले ते मला त्यांच्या पक्षाचे सर्वांत बळकट प्रतिपादन वाटते. “१८७६ साली तुरीनच्या लोंब्रोझोने जन्मजात गुन्हेगाराचा जबडा, कपाळ आणि कान यांची वर्णने असलेला ग्रंथ लिहिला, तो काही आम्ही रसायनवाल्यांनी नव्हे. तुम्ही तिला सागरला पाठविता आहात. सागरचाच इतिहास पाहा. ठगांच्या बंदोबस्ताचे स्लीमनसाहेबांचे काम ज्या सागर-जबलपूर मुलखात चालले, तेथे ठगांना फाशी झाली, आणि १८३३ साली सागरच्याच स्प्राय नावाच्या सर्जनने त्यांतल्या सातजणांच्या कवट्या एडिंबरोच्या कवटीशास्त्र-मंडळाकडे धाडून दिल्या. हेतू हा, की खुनी माणसाच्या मस्तकावर खुनाच्या वृत्तीचा उंचवटा सापडतो का ते विद्वानांनी मोजून पाहावे. स्लीमनने १८३६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात ठगांच्या कुळांच्या वंशावळी दिल्या. तेव्हा मोजपट्टी आणि मनुष्यस्वभाव यांचा संकर झाला की काय उपजते, याचा दाखला त्याच गावात आहे. म्हणूनच म्हणतो, की ज्याला विष ओळखायचे आहे त्याने विषच ओळखावे. माणूस ओळखायला जाऊ नये.”

येथे बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, त्या आता विषय बदलतील. परंतु त्या म्हणाल्या : “नानासाहेब, त्या कवट्यांचे ओझे माझ्या शास्त्राच्या खांद्यावर आहे, आणि ते मी नाकारीत नाही. त्या वंशावळींतून जी वृत्ती निघाली तिने १८७१ साली कायद्याचे रूप घेतले, आणि १९११ मध्ये तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे, अशा जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या; सोलापूरच्या ज्या तारेच्या कुंपणात त्यांना ठेवले त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण फौजदाराच्या मनातून तो किती रद्द झाला, हे लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्याने वाचले आहे त्याला मी सांगायला नको. मात्र एक गोष्ट मी आपल्या शास्त्रालाही विचारते. त्याच कायद्याच्या १९२४ च्या रूपात, नोंदलेल्या जमातीच्या कोणाही माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार पोलिसांना होता, तो कशासाठी? कवटीचे मोजमाप खोटे होते, बोटाचा ठसा खरा आहे. पण ज्याने काहीही केलेले नाही त्याचा खरा ठसा दफ्तरात ठेवला, आणि ज्या सावकाराने, ज्या मक्तेदाराने लोकांना लुबाडले त्याचा ठेवलाच नाही, तर पुढे जुळणी कोणाची होणार? यंत्र अचूक, दफ्तर पक्षपाती. निकाल कसा निघेल?”

बाईंच्या या प्रश्नाचे मर्म ध्यानात येण्यासाठी अंगुलीमुद्रांचा आरंभ आठवावा लागतो, आणि तो आपल्याच देशात झाला. १८९७ साली कलकत्त्याला जगातील पहिले अंगुलीमुद्रा कार्यालय निघाले. हेन्रीसाहेबांच्या नावाने जी वर्गीकरण-पद्धती पुढे लंडनला गेली, तिच्या मागचे गणित अझीझुल हक यांनी आणि तिचे बरेचसे काम हेमचंद्र बोस यांनी केले होते. त्याच वर्षी जलपायगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला; त्याच्या पेटीतील बंगाली पंचांगावर एक रक्ताळलेला ठसा उमटला होता, आणि तो कलकत्त्याच्या दफ्तरात आधीच्या चोरीबद्दल नोंदलेल्या एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल मात्र धरले नाही. ठसा सांगत होता, की हा हात या पंचांगाला लागला. त्या हाताने गळा कापला, असे ठसा सांगत नव्हता. विज्ञानाच्या पहिल्याच मोठ्या परीक्षेच्या प्रसंगी त्या न्यायाधिकाऱ्यांनी दाखविलेला हा संयम मला आजही आदरणीय वाटतो, आणि अशा संयमाचे शिक्षण कोणत्या वर्गात द्यावे, हाच खरे म्हणजे या दोघांच्या वादाचा गाभा आहे.

नानासाहेबांनी जलपायगुडीचा दाखला आपल्या बाजूने ओढला. “ठसा म्हणजे फक्त ठसा, एवढेच सांगणे हीच तर आमची शिस्त,” ते म्हणाले. “ती बिघडते कधी? तपासणाऱ्याला बाहेरची हकीकत कळली की. २००४ साली माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले, आणि सापडलेल्या एका पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या संघीय तपास खात्याने ऑरेगॉनमधल्या मेफील्ड नावाच्या वकिलाचा म्हणून जाहीर केला. एकाने नव्हे, खात्याच्या तिघा अनुभवी तज्ज्ञांनी. स्पेनच्या पोलिसांनी शंका कळविली, तरी खाते आपल्या मताला चिकटून राहिले. आणि शेवटी स्पेननेच तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले. मेफील्ड तोवर दोन आठवडे अटकेत होता. त्याने इस्लाम स्वीकारला होता, हे तज्ज्ञांना जुळणी केल्यानंतर कळले. पण फेरविचाराला जो उशीर झाला त्यात या माहितीचाही वाटा असू शकतो, असे त्यांच्या न्याय खात्याच्या चौकशीने लिहून ठेवले आहे. २००६ साली ड्रोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याहून बोलका प्रयोग केला. पाच तज्ज्ञांपुढे त्यांनीच पूर्वी खऱ्या खटल्यांत जुळविलेले ठसे, त्यांना न सांगता, पुन्हा ठेवले, आणि मेफील्ड प्रकरणातले चुकलेले ठसे ते हेच, अशी खोटी माहिती दिली. पाचांपैकी चौघांनी आपले मत बदलले. ठसे तेच, डोळे तेच. बदलली ती नुसती गोष्ट. आता सांगा, माझ्या नातीला तुम्ही आरोपीच्या जन्मकथा वाचायला शिकवणार, आणि मग तिने सूक्ष्मदर्शकाखाली निर्विकार राहावे अशी अपेक्षा करणार?”

“हा ड्रोर रसायनशास्त्रज्ञ आहे का, नानासाहेब?” बाईंनी विचारले.

“नाही. मनाचा अभ्यास करणारा.”

“म्हणजे आपल्या शास्त्रातली सर्वांत मोठी फट आपल्या शास्त्राबाहेरच्या माणसाने दाखविली. ती आतल्यांना का दिसली नाही? कारण तेथे आपण निर्विकार आहोत असे प्रत्येकजण मनापासून मानीत होता, आणि मानणे व असणे यांतले अंतर मोजण्याचे साधन त्यांच्या कपाटात नव्हते. आरोपीची जन्मकथा वाचल्याने डोळा बिघडतो, असे आपण म्हणता. मी म्हणते, की डोळा कशाने बिघडतो याचे ज्ञान जिला झाले, तीच तो कोणत्या वेळी झाकून घ्यायचा हे जाणते. ज्ञान शिकण्याच्या वेळी हवे. तपासणीच्या वेळी ते दाराबाहेर ठेवता येते. न्यायाधीशही कायद्याबरोबर इतिहास शिकतातच. म्हणून काही ते निकाल देताना इतिहास लिहीत नाहीत.”

त्यानंतर दोघांचा वाद काही काळ विद्यापीठांच्या इतिहासाकडे वळला. मी येथे तो संक्षेपाने देतो. या दोन विद्या आरंभी वेगळ्या नव्हत्या. ऑस्ट्रियातील ग्राझचा हान्स ग्रोस हा तपास करणारा दंडाधिकारी. त्याने १८९३ साली तपासाचा जो आद्य ग्रंथ लिहिला त्याची इंग्रजी आवृत्ती १९०६ साली मद्रासच्या दोघा सरकारी वकिलांनी सिद्ध केली, आणि हिंदुस्थानातल्या पोलिसांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. गुन्हेगाराचे मन आणि गुन्ह्याची खूण यांचा अभ्यास एकत्र व्हावा, म्हणून याच ग्रोसने १९१२ मध्ये ग्राझ विद्यापीठात संस्था काढली. त्याआधी, १९०९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या लोझान विद्यापीठात राइस या रसायनज्ञाने पोलीस-विज्ञानाची संस्था स्थापिली होती, आणि तिच्याही नावात पुढे गुन्हेगारीशास्त्राची भर पडली. दिल्लीला १९७२ साली निघालेल्या केंद्रीय संस्थेच्या नावात दोन्ही विषय होते. आज ती राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात समाविष्ट झाली आहे, आणि त्याच विद्यापीठाची एक शाखा गोव्यात फोंड्याला चालते.

नानासाहेबांनी बर्कलेचे उदाहरण दिले : कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० साली गुन्हेगारीशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय निघाले, तेथे पॉल कर्क यांच्यासारखा जीवरसायनज्ञ रक्ताच्या थेंबांचा आणि धुलिकणांचा अभ्यास शिकवीत असे, आणि शेजारच्या वर्गात पोलिसी सत्तेवर टीका करणारे अध्यापक असत; आणि १९७६ मध्ये ते विद्यालय बंदच पडले. बाईंचे उत्तर असे, की ते बंद पडले ते राजकीय कलहाने. सूक्ष्मदर्शक आणि समाजशास्त्र यांचे पटेना म्हणून नव्हे. या मुद्द्यावर बाईंची बाजू मला सत्याच्या अधिक जवळची वाटते. मात्र नानासाहेबांनी त्यातून काढलेला एक बोध दृष्टिआड करण्यासारखा नाही, की एका छपराखाली राहिल्याने विद्या आपोआप एकत्र येत नाहीत. सकाळी एका इमारतीत विषविज्ञान आणि दुपारी दुसऱ्या मजल्यावर दंडशास्त्र, आणि दोन्हीकडच्या अध्यापकांची कधी गाठच नाही, अशी स्थिती असेल, तर विद्यार्थ्याला दोन अर्धवट पदव्या एका कागदावर मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता बाईंनी विदर्भाकडे विषय वळविला, आणि त्यांचा आवाज किंचित बदलला. “आपल्या शाखेत सर्वांत जास्त कोणते विष सापडत असे, नानासाहेब?”

“कीटकनाशके. मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्या जातीची इतर.”

“आणि त्यांतली बहुतेक प्रकरणे ठाण्यात मर्ग म्हणून दाखल झालेली. आपला अहवाल जातो : अमुक कीटकनाशक आढळले. कागद बंद होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. तेव्हाही अहवालात तेच रसायन, तोच शब्द. एकाने कर्जापायी ते प्याले, दुसऱ्याच्या कातडीतून आणि श्वासातून ते शिरले, तिसऱ्याला कोणी चहातून दिले असेल. परीक्षानळीला तिघेही सारखेच. मी परीक्षानळीला दोष देत नाही. पण एकाच तालुक्यातून एकाच आठवड्यात एकाच रसायनाचे इतके व्हिसेरे येत आहेत, हे सर्वांत आधी कोणाला दिसू शकते? आपल्याला. आणि दिसल्यावर, हा अपघात, आत्महत्या, की कोणाच्या तरी बेपर्वाईचा अपराध, असा प्रश्न विचारण्याची सवय कोणाला लावलेली असते? आपल्याला नव्हे. ज्या हानीबद्दल फिर्यादच दाखल होत नाही, तिच्याकडे पाहायला माझे शास्त्र शिकवते.”

नानासाहेब काही क्षण स्तब्ध राहिले. “प्रश्न विचारणे आमच्या अधिकारात नव्हते,” ते म्हणाले. “पण दिसत होते, हे खरे.” मग जणू ते वाक्य मागे राहू नये म्हणून त्यांनी विज्ञानाच्या उतावीळपणाचे एक उदाहरण स्वतःहून काढले. “दोन्ही शास्त्रे एकत्र आली की मोह अनावर होतो, ही माझी भीती पोकळ नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचा आधार घेतला. आरोपीच्या मनात गुन्ह्याचा अनुभव साठलेला आहे का, हे म्हणे यंत्राने सांगितले! २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला, की अशा चाचण्या, नार्को चाचणीही त्यांतच, संमतीवाचून कोणावरही करता येणार नाहीत. कवटीवरचा उंचवटा आणि मेंदूतली लहर, यांत मला फारसे अंतर दिसत नाही. माणसाच्या अंतरंगात यंत्राने डोकावण्याची हाव तीच.”

“येथे आपण एकाच बाकावर बसलो आहोत,” बाई म्हणाल्या. “परंतु त्या यंत्राला नाही म्हणायला काय लागते, पाहा. ते काय मोजते हे समजण्यापुरते विज्ञान हवे, आणि माणसाला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडू नये हे तत्त्व कोणत्या छळाच्या इतिहासातून आले, तेही ठाऊक हवे. एकटा रसायनज्ञ म्हणेल, यंत्र ठीक चालते आहे. एकटी समाजशास्त्रज्ञ म्हणेल, मला यंत्रातले कळत नाही. दोघांच्या मधून ते यंत्र न्यायालयात शिरते.”

मला वाटले, येथे वाद संपावा. पण खरा कस त्यानंतर लागला, आणि तो एका अगदी व्यवहारातल्या प्रश्नावर. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तिच्या कलम १७६ च्या तिसऱ्या पोटकलमाने, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे बंधन घातले आहे. राज्यांना ते अमलात आणण्यास पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. एवढे तज्ज्ञ लागणार, म्हणून मुलीला नोकरी मिळेल, असे घरातल्या इतरांचे म्हणणे होते. बाईंना त्यात दुसरे काही दिसत होते : आजवर पुडक्याची वाट पाहणारा माणूस आता घटनास्थळी, पंचांच्या आणि रडणाऱ्या माणसांच्या मध्ये, उभा राहणार. तेथे तो निर्विकार कसा राहील? नानासाहेबांनी उत्तर दिले, की म्हणूनच घटनास्थळी जाणारा आणि टेबलावर बसणारा एकच असता कामा नये. “जो गेला तो तपासणार नाही, जो तपासील त्याला ठाण्याचे पत्रसुद्धा दाखवू नका.”

“काहीच दाखवू नये?” बाईंनी विचारले.

नानासाहेब मोठे सचोटीचे गृहस्थ. ते लगेच म्हणाले, “नाही, तसे नव्हे. कीटकनाशक प्यालेल्या माणसाला रुग्णालयात ॲट्रोपिन टोचतात, कारण त्या विषावर तोच उतारा. माणूस तरीही दगावला, तर त्याच्या व्हिसेऱ्यात ॲट्रोपिन सापडू शकते. आणि ॲट्रोपिन तर धोतऱ्यातही असते. रुग्णालयाचा कागद माझ्यासमोर नसेल, तर मी एका उपचाराला धोतऱ्याची विषबाधा समजून बसेन. तेव्हा उपचाराची हकीकत मला हवीच. आरोपीचे नाव, त्याचे आधीचे गुन्हे, त्याची वस्ती, त्याने दिलेली जबानी, हे मात्र नको.”

“ठशांच्या शाखेला रुग्णालयाचा कागद नको.”

“नको. त्यांना पृष्ठभाग कोणता, लाकूड की काच, आणि ठसा कोणत्या द्रव्याने खुलविला, एवढे पुरे. हस्ताक्षराच्या शाखेला लिहिणाऱ्याचे वय आणि हाताचे दुखणे ठाऊक असावे लागते. डीएनएवाल्यांना जुळे भाऊ आहेत का, हे कळले पाहिजे.”

“मग प्रत्येक शाखेला काय सांगायचे आणि काय झाकायचे, हे कोण ठरविणार?” बाई म्हणाल्या. “ज्याला ॲट्रोपिनची ही गोष्ट ठाऊक नाही तो उपचाराचा कागदही काढून घेईल, आणि पारध्याच्या वस्तीचे नाव वाचून मनात काय हलते, हे ज्याला ठाऊक नाही, तो वस्तीचे नाव जाऊ देईल. दोन्ही ठाऊक असणारा माणूस आपल्या आवक-खिडकीवर कधी बसला होता का?”

“तेथे लिपिक बसे,” नानासाहेब म्हणाले.

ही जागा मला या वादात सर्वांत मोलाची वाटते. आजवर आपण दोन विद्या एकत्र शिकवाव्यात की नाहीत, याची चर्चा जणू एकाच माणसाने दोन टेबलांवर काम करावयाचे आहे अशा समजुतीने करीत आलो. घटनास्थळ आणि प्रयोगशाळा यांच्या मधली जी चिंचोळी जागा आहे, जेथे मुद्देमालाला प्रश्न कोणते विचारायचे आणि त्याच्याबरोबर माहिती कोणती जाऊ द्यायची हे ठरते, ती जागा आज रिकामी आहे. आणि संयुक्त शिक्षणाची गरज आहे ती तेथे.

नानासाहेबांनी मात्र लगेच अडचण काढली, आणि ती अडचण खरी होती. “नाव झाकाल, बाई, पण पुडक्यावरच्या सीलवर ठाण्याचे नाव असतेच, आणि चिठ्ठीवर गुन्हा रजिस्टर क्रमांक. सील फोडल्याशिवाय तपासणी नाही, आणि सील शाबूत होते असे ज्याने पाहिले त्यानेच न्यायालयात सांगितले पाहिजे; नाहीतर पुडके वाटेत बदलले, असे म्हणायला वकील मोकळा.”

“मग सील पाहून फोडणारा एक, आणि नुसत्या क्रमांकाचा नमुना हातात घेऊन तपासणारा दुसरा. दोघांनीही साक्ष द्यावी.”

“दोन माणसे, दोन सह्या, दोन साक्षी. त्यासाठी नोंदवही अशी हवी, की नमुना एका हातातून दुसऱ्या हातात किती वाजता गेला ते मिनिटासह दिसेल.” नानासाहेब उठले, त्यांनी नातीचीच एक कोरी वही ओढून घेतली आणि तिच्यावर रकाने आखू लागले. “सील फोडणारी व्यक्ती तुमच्या सागरच्या विभागातून शिकून आलेली असो, माझी हरकत नाही. तपासणाऱ्याकडे मात्र रसायनशास्त्राची पूर्ण पदवी मी मागणार, आणि त्यात सूट देणार नाही.”

“वयाचा रकाना ठेवता आहात तो कोणासाठी?” बाईंनी वहीवर वाकून विचारले.

“हाडे तपासणाऱ्यासाठी.”

“मग तो पहिल्या पानावर नको,” त्या म्हणाल्या. “ज्या शाखेला लागेल तिच्याच पानावर घ्या.”